जबलपूरला मी ठेचा मागितला

जबलपूरहून परत आलो तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, "भेडाघाट पाहिलंत का?" पाहिलं म्हणालो. "कसं आहे?" छान आहे म्हणालो. मग चहा आला आणि बोलणं पर्यवेक्षणाच्या ड्यूट्यांकडे वळलं. घरीही मी एवढंच सांगितलं. बायको म्हणाली, "एक दिवस उशिरा आलात, आणि सांगायला फक्त 'छान'?" तेव्हा गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण ते 'छान' पुरलं नाही, म्हणून लिहितो आहे. जे तिकडे गेले नाहीत त्यांना नर्मदेविषयी थोडं कळेल आणि माझ्याविषयी जरा जास्त.

मी सांगलीकडच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. पन्नाशी ओलांडली आहे, गुडघे बोलायला लागलेत. बरीच वर्षं मी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षांना बाहेरचा परीक्षक म्हणून फिरतो आहे. या फिरण्याची एक रीत आहे. आधी प्रबंध टपालानं घरी येतो, मग आपला अहवाल जातो, मग तारीख ठरते. स्टेशनवर उमेदवार गाडी घेऊन उभा असतो. त्या गावचं देऊळ, त्या गावचं जेवण, शाल, नारळ, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी तासाभराची परीक्षा. आमचे एक सहकारी म्हणतात, व्हायव्हा म्हणजे लग्नानंतरचा सत्यनारायण. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. यावर आम्ही सगळे हसतो. प्रबंध कसा वाचतो, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. पहिला अध्याय, शेवटचा अध्याय, आणि संदर्भसूचीवरून एक हात. मीही तसाच वाचतो. जबलपूरचाही तसाच वाचला होता.

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. वाटेत वाचायला म्हणून दुसऱ्या एका विद्यापीठाचा प्रबंध पिशवीत घेतला होता. जाडजूड होता. उशाला बरा पडला.

विश्रामगृह

जबलपूरच्या फलाटावर माझ्यासाठी कोणी उभं नव्हतं. असं आजवर झालं नव्हतं. थोडा वेळ वाट पाहिली, मग ऑटो करून विद्यापीठाच्या विश्रामगृहावर गेलो. खोलीत दाराच्या मागे एक कागद चिकटवला होता. हिंदीत होता, मजकूर असा की शोधार्थ्यानं, म्हणजे उमेदवारानं, किंवा त्याच्या घरच्यांनी परीक्षकाच्या जेवणाची, वाहनाची, सहलीची व्यवस्था करू नये. केल्यास परीक्षा रद्द होईल आणि नवीन परीक्षक नेमला जाईल. खाली सही, कुलपती. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. तिकडे आपल्या कुलगुरूंना कुलपती म्हणतात, हे मला माहीत होतं. त्या कुलपती बाई आहेत, हे मात्र प्राध्यापक दुबे आले तेव्हा कळलं.

दुबे हे उमेदवाराचे मार्गदर्शक. गोल, हसरा माणूस. आल्या आल्या दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सर, नोटिस पढ़ लिया? हम लोग इनको नाश्ता-बंद मैडम बोलते हैं. पहले वायवा में काजू आते थे, सर. अब समोसा भी नहीं. दूर-दूर से विद्वान आते हैं और भूखे लौट जाते हैं."

मी हसलो. मग त्यांनी परीक्षेच्या दिवशीचा एक नवा प्रकार सांगितला. प्रश्नांना सुरुवात होण्याआधी मॅडम सगळ्यांसमोर परीक्षकाला आणि शोधार्थ्याला विचारतात, तुमच्यात काही आतिथ्य झालं का. "आप 'नहीं' बोल दीजिएगा. सब बोलते हैं. रस्म है."

दुपारी विश्रामगृहात दुधीची भाजी आणि पातळ तुरीची डाळ मिळाली. रात्री पुन्हा दुधी. आमच्या भागातल्या माणसाला तिखटाशिवाय जेवण म्हणजे आजारपण वाटतं. त्याच संध्याकाळी परीक्षेची वेळ सांगायला उमेदवार आली होती. अस्मिता गजभिये. चाळिशीला टेकलेली, खांद्याला कापडी पिशवी. कॉलेजात 'अतिथी विद्वान' होती, म्हणजे आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे. नाव भारदस्त, नोकरी तीच. मराठी ऐकून मला बरं वाटलं.

"मराठी घरचीच आहे, सर. आजोबा भंडाऱ्याकडून आले कारखान्यात. राज्य वेगळे झाले तेव्हा नातेवाईक बरेचसे तिकडे राहिले, आम्ही इकडे."

आता इथे मी काय केलं ते नीट लिहितो. मी काही मागितलं नाही. आमच्यात मागत नाहीत. आमच्यात विचारतात. "मग तुमच्याकडे भाकरी होत असेल, नाही?" असं मी विचारलं. थोडं थांबून विचारलं, "भेडाघाट इथून लांब आहे का हो?"

तिनं दाराकडे, त्या कागदाकडे पाहिलं. "सर, मॅडमचं सर्क्युलर…"

"अहो, ते इतरांसाठी. आपण मराठी माणसं. एवढ्या लांब येऊन घरचं दोन घास खाल्लं तर कुणाचं काय जातं?"

तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "अच्छा… चलो सर. मायले सांगते."

भेडाघाट

दुसऱ्या दिवशी मावसभावाची गाडी मागून घेऊन ती आली. भेडाघाट खरंच छान आहे. नदी एका अरुंद गल्लीत शिरावी तशी संगमरवराच्या दोन भिंतींमध्ये शिरते. दगड नुसता पांढरा नाही. कुठे पिवळसर, कुठे निळा, कुठे जुन्या दातासारखा. पाणी हलत नाही असं वाटतं. वर धुआँधार धबधब्याला तीच नदी एवढी आदळते की उडालेल्या तुषारांनी चष्मा पुसत राहावं लागतं, आणि खाली येऊन ती अशी गप्प. मला ती माझ्यासारखी वाटली. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

नावाड्याची बडबड अखंड चालू होती. हा दगड हत्ती, तो दगड नंदी, इथून माकडं उड्या मारून पलीकडे जायची. मधेच त्यानं अस्मिताला विचारलं, "दीदी, साहब कौन हैं?"

"परीक्षक हैं भैया. कल मेरा इम्तहान है."

त्यानं वल्हं थांबवलं. "तो साहब, यहीं बोल दो पास. नहीं तो नाव हम यहीं खड़ी रखेंगे."

आम्ही तिघंही हसलो. हसणं ओसरल्यावर ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "सर, सोमवारी माझा इंटरव्ह्यू आहे. पक्क्या पोस्टचा. त्याची तयारी करून राहिली मी. तवापर्यंत पीएच.डी. झाल्याचं पत्र पाहिजे. ह्या वर्षी नाही झालं तर वय निघून जाईल. मग अतिथीच राहायचं जन्मभर."

"होईल हो," मी म्हणालो. "काळजी कशाला करता?" हे वाक्य मी दरवर्षी कुणाला ना कुणाला म्हणतो. त्याला काही लागत नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. घर रिछाईच्या बाजूला. तिचे वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, आता नाहीत. दारावर पंचरंगी ध्वज. आत कोपऱ्यात तेंदूपत्त्यानं भरलेलं सूप आणि घरभर तंबाखूचा एक कोरडा वास. आई विड्या वळते. अस्मिताचा प्रबंधही विडी वळणाऱ्या बायकांवर आणि त्यांच्या मुलींच्या शिक्षणावर होता, एवढं मला पहिल्या अध्यायावरून माहीत होतं.

"जयभीम, सर. या ना, बसा," आई म्हणाल्या. मीराबाई त्यांचं नाव. मी नमस्कार म्हणालो.

पाटवडीचा लाल रस्सा होता, वांग्याचं भरीत होतं, आणि भाकरी. त्या भाकरी थापत होत्या तेव्हा तव्यावरून उलटताना हात चटकन मागे घ्यायच्या. मी पाहिलं. दोन दिवसांच्या दुधीनंतर माझी जीभ सुटली होती. मी म्हणालो, "ताई, ठेचा नसेल ना?"

"काहून नाई?" त्या म्हणाल्या. "करते ना आत्ता." हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या, पाट्यावर घेतल्या, बोटांनी गोळा केल्या. अस्मिता मधेच म्हणाली, "माय, मी करते." त्यांनी तिला कोपरानं बाजूला सारलं. "तुले सोमवारच्या इंटरव्ह्यूचं पाय. पाहुणे माह्याकडं मागून राहिले."

मग त्याही जेवायला बसल्या आणि त्यांनी चमचा घेतला. भाकरी रश्शात कुस्करून चमच्यानं खाऊ लागल्या. मला गंमत वाटली. "हे काय ताई, चमच्यानं? तुम्ही तर साहेब झालात की!"

त्या हसल्या. अस्मितानं ताटाकडे मान घातली.

आणखी एक गोष्ट आहे, तीही लिहून टाकतो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. गाडीतून परतताना मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. माझ्या वडिलांनी या घरात पाणी घेतलं नसतं. मी पोटभर जेवलो होतो, मागून जेवलो होतो. जणू मी त्यांच्यावर काही उपकार करून आलो होतो.

सकाळ

परीक्षेचा हॉल भरलेला होता. मॅडमचा आणखी एक नियम: प्रबंध ज्यांच्यावर लिहिला असेल त्यांना बोलवायचं. त्यामुळे दुसऱ्या रांगेत विडी वळणाऱ्या आठ-दहा बायका बसल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. मधोमध मीराबाई. मला पाहून त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली. मी फाईल उघडली.

मॅडम सगळ्यात मागे बसल्या होत्या. बारीक, पांढरे केस, सुती साडी. डॉ. उषा गद्रे. उठून त्यांनी शांतपणे विचारलं, "परीक्षक महोदय, शोधार्थी या उनके परिवार से आपने कोई आतिथ्य लिया?"

"नहीं," मी म्हणालो. फार सहज म्हणालो. माझ्या शेजारी दुबेंनी सुस्कारा सोडला.

"अस्मिता जी, आपने दिया?"

अस्मिता उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती दुसऱ्या रांगेकडे पाहत होती. मला वाटलं, म्हणेल. सगळे म्हणतात. रीतच आहे.

"जी. सर परसों… नहीं, कल. कल भेड़ाघाट गए हमारे साथ. और रात का खाना हमारे घर खाया."

दुबे उठले, "मैडम, वो असल में सर की तबीयत…" मॅडमनी हात वर केला. "चार बजे बैठेंगे," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

लोक बाहेर पडले. मी खुर्चीतच बसून होतो. मग वाटलं, बाहेर कोणी नसेल, म्हणून निघालो, तर व्हरांड्यात मायलेकी उभ्या. अस्मिताचे डोळे लाल झाले होते, पण आवाज सरळ होता.

"सर, मला म्हणायचं होतं 'नाही'. रात्री पाठ करून आली होती. पण माय समोर बसली होती. तिनं रांधलं, तुम्ही खाल्लं, अन् मी म्हणू की नाही? कसं म्हणू?"

मीराबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"सर, एक इचारू? आमच्या घरी जेवले हे चार लोकांत सांगाले लाज वाटली का तुमाले?"

तसं नव्हतं. माझं 'नाही' त्या कागदासाठी होतं, त्या रीतीसाठी होतं. पण त्यांना ते कसं ऐकू गेलं असेल, हे त्यांनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि आता 'नाही' म्हणायला माझ्याकडे शब्द शिल्लक नव्हता, तो सकाळीच वापरून झाला होता.

नाश्ता-बंद मॅडम

ओमतीच्या बाजारापर्यंत उगाच चालत गेलो. गर्दीत कोणी ओळखत नाही एवढंच सुख. एका दुकानात खव्याची जिलबी तळत होते, जाड, काळपट, गुलाबजामासारखी. जबलपूरला गेलेल्यानं ती खाल्लीच पाहिजे म्हणतात. मी नुसती पाहिली. मग ऑटो केली आणि परत येऊन मॅडमच्या ऑफिसात चिठ्ठी पाठवली.

"या. बसा," त्या मराठीत म्हणाल्या. "पाणी घ्या. पाणी चालतं आमच्याकडे."

मराठी जुन्या वळणाचं होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर कारकुनी करायला आले आणि नर्मदा सोडवेना म्हणून राहिले. "राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून माझं मराठी वाढलंच नाही. आईचं होतं तेवढंच आहे."

मी सांगितलं. म्हणालो, तिनं दिलं नाही, मी मागितलं. भेडाघाटही मीच काढला. तिला शिक्षा करू नका.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला नाही म्हणता आलं नाही. सर, एवढंच माझं दुःख आहे. शाळेपासून पीएच.डी.पर्यंत आम्ही मुलींना शिकवतो, आणि शेवटी त्यांना दारात आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मग आम्ही काय शिकवलं?"

"पण आज सकाळी तिनं तुम्हाला खरं सांगितलं."

"मला नाही सांगितलं. आईला सांगितलं." त्या जरा हसल्या. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "माझी पीएच.डी. वनस्पतिशास्त्राची. नर्मदेतल्या शेवाळावर. परीक्षक लांबून आले होते, मोठं नाव. आईनं पुरणपोळ्या केल्या. त्यांनी तीन खाल्ल्या आणि मला शेवाळाविषयी एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, अभिनंदन. अजूनपर्यंत मला माहीत नाही, मी पास झाले की आईच्या पुरणपोळ्या."

मी पाणी प्यालो.

"मी इथे आले तेव्हा सगळ्यांनी इमारती मागितल्या. मी म्हटलं, आधी प्रत्येक विभागानं शेजारच्या विभागाचा एक प्रबंध वाचून मला येऊन सांगा. म्हणाले, मैडम का दिमाग़ चल गया. आपल्याकडे लिहिणारे आहेत, बांधणी करणारे आहेत, सही करणारे तर पुष्कळ. वाचणारा कुठे आहे? विद्यापीठ म्हणजे काय हो, एकमेकांचं वाचणारी माणसं. ती नसली तर ही नुसती शाल-नारळाची दुकानं." हे सगळं त्या अगदी हळू बोलत होत्या, थकलेल्या माणसासारख्या. "पुढच्या वर्षी मी जाईन. माझ्यामागे समोसे परत येतील, मला माहीत आहे. काजूही येतील."

"चार वाजता मी सगळ्यांसमोर सांगेन," मी म्हणालो. "मीच मागितलं म्हणून."

"सांगा. आईला ऐकू जाईल असं सांगा." मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "प्रबंध वाचलात ना?"

"हो," मी म्हणालो.

चार वाजता

सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं. मराठीत आणि मग हिंदीत. म्हणालो, काल रात्री मी मीराबाईंच्या घरी जेवलो, मागून जेवलो, ठेचासुद्धा मागून घेतला, आणि सकाळी खोटं बोललो. बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "ठेचा कैसा था, साहब?" मी म्हणालो, फार चांगला. मीराबाईंनी पदर सारखा केला. मॅडमनी परीक्षा सुरू करायला सांगितलं.

खांद्यावरून ओझं उतरावं तसं मला झालं. खरं बोललेला माणूस फार लवकर फुशारतो. मी नेहमीचे प्रश्न विचारले: नमुना कसा निवडला, अडचणी काय आल्या, मर्यादा कोणत्या. अस्मिता चांगली बोलत होती. दुबे मान डोलावत होते. मग मला वाटलं, आणखी एक विचारावा, बायका बसल्या आहेत, त्यांनाही समजेल असा.

"या कामाचा बायकांच्या खाण्यापिण्यावर काही परिणाम होतो का? त्या अंगानं तुम्ही पाहिलंत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मागे मॅडमनी मान वर केली.

"सर… चौथा अध्याय पूर्ण त्याच्यावरच आहे."

आम्हा परीक्षकांकडे अशा वेळेसाठी एक वाक्य तयार असतं. "मला माहीत आहे," मी म्हणालो. "पण तुमच्या शब्दांत सांगा."

तिनं एकदा आईकडे पाहिलं आणि सांगायला लागली. विडी वळताना पत्ता चिमटीत सतत घासतो. काही वर्षांत बोटांच्या टोकांची कातडी झिजून कागदासारखी पातळ होते. तवा सोसत नाही. मिरची लागली की आग रात्रभर जात नाही. म्हणून वस्तीतल्या बायका ठेचा वाटत नाहीत, घरात दुसरं कोणी असेल तर तिच्याकडून वाटून घेतात. आणि त्या हातानं जेवत नाहीत.

"चमच्यानं जेवतात, सर."

मीराबाईंनी हात मांडीवर ठेवले होते, बोटं आत मुडपून.

मी पुढचा प्रश्न विचारू शकलो असतो. फाईलमध्ये होते. दुबेंनी माझ्यापुढे पाण्याचा पेलाही सरकवला. अस्मिता वाट पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला वाचवायची तयारी दिसत होती, काल चमच्याच्या वेळी होती तशीच. ते मला बघवलं नाही.

"हा अध्याय मी वाचलेला नाही," मी म्हणालो.

"कितना पढ़ा है?" मॅडमनी मागून विचारलं.

"पहिला आणि शेवटचा."

"दुबे जी, आपने?"

दुबे छताकडे पाहू लागले. बायकांमध्ये पहिल्यांदा मोकळं हसू उमटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कागदाप्रमाणे मी आज ही परीक्षा रद्द करायला हवी. मग सोमवार जाईल आणि हिचं वयही जाईल. चूक यांची, आणि दंड हिला. तीस वर्षं मी हेच बघते आहे. तेवढ्यासाठी मी नियम केला नव्हता. मग माझ्याकडे वळून मराठीत, "तुमची गाडी आज रात्रीची आहे ना? जाऊ द्या ती. उद्या सकाळी इथेच बसू. वाचून या. न वाचता आलात तर मात्र रद्द."

शनिवार

मध्यरात्रीपर्यंत वाचलं, पहाटे उठून उरलेलं वाचलं. इतक्या वर्षांत एखादा प्रबंध सलग वाचण्याची ही पहिलीच वेळ असावी. हिंदी सोपं होतं. मुलीच्या हाताला तंबाखूचा वास येऊ नये म्हणून परीक्षेच्या सकाळी तिच्या बोटांना खोबरेल चोळणाऱ्या आया होत्या त्यात. वहीत शेरा आला तर तो वाचता न येणाऱ्या, पण लाल शाई ओळखणाऱ्या. मला राग येत होता, तो कुणावर ते कळत होतं.

सकाळी मी खरे प्रश्न विचारले, नवखा माणूस विचारतो तसे. म्हणालो, ज्या आयांनी मुलींना शाळेतून काढून विड्यांना बसवलं त्यांच्यावर तुम्ही अन्याय केलाय, त्यांची बाजू दोन पानांत गुंडाळलीत.

"नाही, सर," अस्मिता म्हणाली. "तुमचं चुकून राहिलं. त्या बायकांनी मला दोन पानंच दिली. जास्त बोलल्या नाहीत. मी त्यांच्या तोंडी घालू का?"

त्यावर आमचं बराच वेळ जुंपलं. ती हटली नाही. एका बाईनं मधेच उठून सांगितलं की तिनंच मुलीला काढलं होतं आणि का ते आजही सांगणार नाही. मी माझा मुद्दा मागे घेतला. पदवीची शिफारस लिहिली, जुना अहवाल परत मागून नवा लिहून दिला. मॅडमनी पत्र त्याच दिवशी काढायला सांगितलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "आता जिलबी खा. स्वतः जाऊन."

खाल्ली. फार गोड असते.

संध्याकाळी फलाटावर अस्मिता आली. एकटीच, पिशवी रिकामी. सोमवारच्या मुलाखतीसाठी पीएच.डी.चं पत्र मिळालं होतं ते तिनं दाखवलं. गाडी लागली होती. मी तिकीट पुन्हा पुन्हा पाहत होतो.

"सर, आता निकाल लागला. सर्क्युलर लागू नाही," ती म्हणाली. "माय म्हणत होती, भाकरी अन् ठेचा बांधून देते. मी नाही म्हटलं."

"बरं केलंत."

"रागावली. म्हणे, एवढी शिकली अन् पाहुण्याले उपाशी पाठवते."

ती हसली, मीही हसलो. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला आणि मागे वळून निघाली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबली नाही.

इटारसीच्या अलीकडेच भूक लागली. लागू दिली. उशाचा तो जाडजूड प्रबंध काढला, पुडक्याच्या दोऱ्या सोडल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो.